ट्रंकेतलं अठ्ठेचाळीस

माजघर

नमस्कार. गेली सहा-सात वर्षं मी इथे वाचनमात्र आहे. लोणच्यांच्या धाग्यांवर दोन-चार प्रतिसाद दिले असतील, तेवढेच. हा माझा पहिला धागा, आणि विषय असा आहे की आधीच हात जोडते: आखाडा करू नका.

दिवाळीनंतर आईचं कसब्यातलं बिऱ्हाड हलवलं. वाडा पाडायला गेला. माळ्यावर आजोबांची काळी पत्र्याची ट्रंक होती. लहानपणापासून बघत आलो, पण तिला हात लावायची सोय नव्हती. किल्ली सापडली नाही, शेवटी हातोडीनं कडी तोडली. आत धुऊन घडी घातलेला खादीचा सदरा. एक पितळी अडकित्ता, आगीत वाकलेला. सरकारी कर्जाच्या हप्त्यांच्या पावत्यांची सुतळीनं बांधलेली चळत, वरच्या कागदावर ‘जळीतग्रस्त’ असा शब्द. कडा जळालेली दप्तराची दोन पानं. आणि आणखी एक गोष्ट होती, ती आत्ता लिहीत नाही.

आमचं गाव कऱ्हाडच्या खाली, कृष्णेच्या काठी. नाव देत नाही. तिथे आता आमचं कुणी नाही, पण ज्यांची नावं निघतील त्यांची नातवंडं आहेत. आजोबा गावचे कुलकर्णी, दप्तर घरात. दहा-वीस-पन्नास रुपयांची देवघेवही चाले, हे मला फार उशिरा कळलं. अंगावर मात्र कायम खादी. बेचाळीसात भूमिगत पोरं रात्री मागच्या दारानं भाकरी घेऊन जात, हे आई अजून अभिमानानं सांगते.

३० जानेवारी १९४८, शुक्रवार, संध्याकाळी दिल्लीत गांधीजींना गोळ्या घातल्या. शनिवारी गाव गप्प होतं. रविवारी दुपारी जमाव आला. पुढचे ओढ्यापलीकडचे होते म्हणतात, मागे गावातलेही होते. एकानं दारात उभं राहून आजीला सांगितलं, ‘वैनी, पोरंबाळं भाईर काढा, म्हातारीला धरून न्या.’ सगळी बाहेर पडल्यावर रॉकेल ओतलं. नऊ माणसं तीन दिवस मळ्यात, आमच्याच कुळाच्या खोपटात राहिली. मग कऱ्हाड, तिथून पुणं. आजी याबद्दल उभ्या आयुष्यात एकच वाक्य बोलली: ‘चुलीवर आमटी होती.’

घरात याला ‘जळीत’ म्हणत. अमुक गोष्ट जळिताच्या आधीची, तमुक नंतरची. कॅलेंडरसारखा वापर. पण जळीत कशानं झालं, कुणी केलं, यावर अवाक्षर नाही.

तर प्रश्न असा: खून दिल्लीत, दीड हजार किलोमीटरवर. करणाऱ्याचं तोंडही आमच्या गावात कुणी पाहिलेलं नसणार. मग दोन-तीन दिवसांत सातारा, सांगली, कोल्हापूर एवढा मुलूख पेटतो कसा? आधीपासून काही साचलं होतं का? आणि ज्याचं घर जळलं त्यानं गप्प का बसावं? पुस्तकी उत्तर चालेल, पण कुणाच्या घरातली गोष्ट असेल तर जास्त बरं.

जुनी कात्रणं

धागा आवडला. थोडं पुस्तकी लिहितो, माझ्याकडे तेवढंच आहे.

‘करणाऱ्याचं तोंडही आमच्या गावात कुणी पाहिलेलं नसणार’ हे सांगलीकडच्या माणसांनी जरा जपून म्हणावं. नथुराम गोडसेचा जन्म बारामतीचा, १९१०चा. पण वडील निवृत्त झाल्यावर कुटुंब सांगलीत होतं, आणि तिथे त्यानं शिंपीकामाचं दुकान चालवून पाहिलं होतं. मॅट्रिक झालेला नव्हता. कटातला त्याचा साथीदार नारायण आपटे त्याच्या अगदी उलट: बी.एस्सी., अहमदनगरला शाळामास्तर, हौशीनं रायफल क्लब काढलेला. कटातल्याच करकरेंचं नगरला डेक्कन गेस्ट हाऊस. बडगे पुण्यात ‘शस्त्र भांडार’ चालवायचा, पुढे तोच माफीचा साक्षीदार झाला. ही माणसं काही डोंगरात लपलेली नव्हती. दुकानदार, मास्तर, लॉजवाले होते, पुण्याच्या पेठांत यांच्याबरोबर चहा प्यायलेली माणसं शेकड्यांनी असतील. १९४४पासून गोडसे आणि आपटे ‘अग्रणी’ हे पत्र काढत होते. भडक मजकुरापायी सरकारनं अनामत मागितली, तेव्हा त्याचं नाव ‘हिंदु राष्ट्र’ झालं. पत्र राजरोस निघत होतं, वर्गणीदार होते.

त्यात फाळणी. नगरजवळ विसापूरला निर्वासितांची छावणी होती. पंजाबातून सगळं गमावून आलेला मदनलाल पहवा तिथे करकरेंच्या हाती लागला. ज्याचं खरंच जळलंय तो माणूस आणि ज्यानं जळिताचं फक्त वाचलंय तो माणूस एकत्र आले, की दुसरा पहिल्याच्या दुःखाचा मालक बनतो. हे माझं मत, कात्रणात नाही.

२० जानेवारीला दिल्लीत, गांधीजी राहत होते त्या बिर्ला हाऊसच्या आवारात मदनलालनं स्फोट केला आणि पकडला गेला. त्याच्या जबाबात पुण्याच्या एका पत्राच्या संपादकाचा उल्लेख होता. मुंबईत रुईया कॉलेजचे प्राध्यापक जगदीशचंद्र जैन यांना मदनलाल कटाबद्दल आधीच बोलला होता. स्फोटाची बातमी वाचून त्यांनी २१ तारखेला मुंबई सरकारच्या कानावर घातलं. मुख्यमंत्री बाळासाहेब खेर, गृहमंत्री मोरारजी देसाई. पुढचे नऊ दिवस पुणे, मुंबई आणि दिल्ली यांच्यात कागद इकडून तिकडे कसे फिरले आणि कुठे अडकले, ते खुनाची पुढे चौकशी करणाऱ्या कपूर आयोगाच्या अहवालात आहे. १९६९चा अहवाल, वाचताना रक्तदाब सांभाळा.

आता जाळपोळ. खुनी ब्राह्मण आहे हे कळल्याबरोबर पुण्यामुंबईत दगडफेक, आगी सुरू झाल्या. दादरला सावरकरांचे धाकटे बंधू डॉ. नारायणराव यांना जमावानं दगडांनी ठेचलं. त्या जखमांतून ते उठले नाहीत, १९४९च्या ऑक्टोबरात गेले. खटल्यात ते आरोपी नव्हते. ४ फेब्रुवारीला संघावर बंदी आली. खेड्यांत वणवा पसरला तो प्रामुख्यानं दक्षिणेकडे, म्हणजे तुमच्याच मुलखात. तिथेच का, हे तिकडचं कुणी सांगेल तर बरं.

धडाकेबाज

म्हणजे आता साठ वर्षं ज्यांनी गावाचं रक्त प्यायलं ते बिचारे, आणि गाव अतिरेकी. छान. वही जळली म्हणून रडणाऱ्यांनी वहीत काय लिहिलं होतं ते पण सांगावं.

माजघर

@धडाकेबाज, वहीतली दोन पानं माझ्याकडे आहेत, सांगते. मोडी आहे, एका निवृत्त शिक्षकांकडून वाचून घेतली. एकावर सारा वसुली. दुसऱ्यावर पाच नावं, प्रत्येकापुढे रक्कम, सर्वांत मोठी पंचेचाळीस रुपये, सगळ्यांत लहान साडेसहा. साडेसहा रुपयांपुढे ‘बैल’ असं लिहिलंय. बैलासाठी घेतले की बैल गहाण ठेवला, ते शिक्षकांनाही सांगता आलं नाही. मला त्या शब्दाशी पोचल्यावर पुढे वाचवेना. तुमचा प्रश्न बरोबर आहे, विचारायची पद्धत सोडून.

@जुनी कात्रणं, आभार. शिंप्याच्या दुकानाचं माहीत नव्हतं.

पाणवठा

ताई, मी वाळवा तालुक्यातला. शेती आहे, साखर कारखान्यात नोकरी होती. टाइप करायला वेळ लागतो, सांभाळून घ्या. हा प्रतिसाद दोनदा लिहून पुसला.

माझे आजोबा त्या जमावात होते.

आमच्या गावातली गोष्ट आहे, तुमच्या नाही. मी शाळेत असताना त्यांनीच सांगितली, लपवून ठेवल्यासारखी नाही, पण बढाई मारल्यासारखीही नाही. म्हशीला पाणी पाजता पाजता सांगावं तशी. त्यांचं म्हणणं, गांधीबाबा गेला म्हणून शनिवारी ते खरंच रडले. घरात चूल पेटली नाही. आमच्या घरात गांधींचा फोटो होता, अजून आहे. शनिवारी रात्री देवळात बैठक बसली. तालुक्याहून दोघे सायकलवर आले होते. त्यांनी सांगितलं, मारणारा बामण हाय, आन् पुण्यात पेढं वाटल्यात. ‘पेढे’ हा शब्द आजोबा दर वेळी म्हणायचे. मी एकदा विचारलं, तुम्ही बघितले का पेढे? म्हणाले, ‘न्हाय. पर बैठकीत कुणालाबी इचारायचं सुचलं न्हाय.’

आमच्या गावात कुलकर्ण्यांचा वाडा आणि जोश्यांचं घर. जोश्यांनी कधी कुणाला पैसे दिले नव्हते, त्यांच्याकडे द्यायला नव्हतेच. ते पत्रिका बघायचे, सत्यनारायण सांगायचे. वाड्याकडे आमच्या आजोबांचं कर्ज होतं, पणजोबांच्या वेळचं. वाडा जाळायला निघाले तेव्हा आजोबांच्या डोक्यात गांधीबाबा किती आणि ती वही किती, हे त्यांचं त्यांनाही सांगता येत नव्हतं. ‘आमाला घर न्हवतं जाळायचं, वही जाळायची हुती. पर वही घरात हुती.’ बरं, मग जोश्यांचं घर कशाला? यावर ते गप्प व्हायचे. एकदाच म्हणाले, ‘हात लागला हुता चालू, थांबला न्हाय.’

जुनी कात्रणं विचारतात इकडेच का. माझ्या वाचनाप्रमाणे दोन-तीन गोष्टी. कोल्हापुरात वेदोक्त प्रकरण १८९९चं. छत्रपतींच्या घरी वेदोक्त मंत्र म्हणायला पुरोहित तयार नाही, कारण त्याच्या मते राजा शूद्र. ही गोष्ट आमच्याकडे काल घडल्यासारखी सांगतात. १९०२ला शाहू महाराजांनी नोकरीत निम्म्या जागा राखल्या, १९१८ला कुलकर्णी वतन काढून तलाठी नेमले. म्हणजे वाद उघड होता, सत्यशोधकी जलशात भटजीचं सोंग यायचं, लोक हसायचे. यात वाईट काय? काही नाही. खरं तेच सांगत होते. पण सोंगातला भटजी आणि आळीतला जोशी यांच्यात फरक करायचं काम जलशावाल्याचं नव्हतं, ते आमचं होतं.

दुसरी गोष्ट, कागद जाळायची रीत जुनी. १८७५ला मे महिन्यात पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या पेढ्या फोडल्या, तिथे सावकार बहुतेक मारवाडी-गुजर होते. कर्जरोखे बाहेर काढून जाळले. ज्यानं निमूट कागद दिले त्याला फारसा त्रास नाही झाला. चार वर्षांनी सरकारला शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. तेव्हा जात बघून नाही, बाड बघून जाळलं. अठ्ठेचाळीसला बाड नसलेलंही जाळलं. एवढाच फरक, पण मला तो फार मोठा वाटतो.

आणि आमच्या घरात एक तांब्याचं घंगाळ आहे. आजोबांनी त्या दिवशी आणलेलं. आजी त्यात कधीही आंघोळीचं पाणी तापवायची नाही. आधी गोठ्यात होतं, आता जिन्याखाली आहे. मोडीत घालायला दोनदा काढलं, दोनदा परत ठेवलं.

अण्णांची नात

माझे आजोबा वय ८४, ते सांगतायत, मी टाइप करतेय.

“मी कोल्हापूरचा. सात वर्षांचा होतो. भालजी पेंढारकरांचा जयप्रभा सिनेमा स्टुडिओ पेटला तो धूर आमच्या गच्चीवरून दिसला. आम्ही पोरं खूश, कारण शाळा बंद. आमचे वडील मराठा, गूळ मार्केटात दिवाणजी. त्यांनी शेजारच्या मास्तरांच्या घरातल्या पाच जणांना आमच्या माळ्यावर गवताच्या पेंढ्यांमागं बसवलं आणि खाली दाराशी विडी ओढत बसले. जमाव आला. वडील म्हणाले, ते सकाळीच गेले. जमावातला एक जण वडिलांच्या तालमीतला. त्याला कळलं होतं. तो म्हणाला, ‘चला रं, दिवाणजी खोटं कशाला बोलंल.’ मास्तरांच्या कपाटातली पुस्तकं मात्र रस्त्यावर आणून जाळली. भालजींनी स्टुडिओ पुन्हा उभा केला. मास्तर नाही राहिले, मुंबईला गेले. दर संक्रांतीला तिळगुळाचं पाकीट यायचं, ते वारले तोवर.”

आजोबा म्हणतात हे लिहू नको की आमच्या वडिलांनी वाचवलं म्हणून. त्यांनी वडिलांना नंतर विचारलं होतं, भीती नाही वाटली का. ते म्हणाले, मास्तरांकडे आपल्या पोराची फी माफ होती.

धडाकेबाज

@पाणवठा, तुम्ही लिहिलंत ते वाचलं. आधीचा प्रतिसाद मागे घेत नाही, पण सूर चुकला. माझ्या पणज्याचं नाव अशाच कुठल्यातरी वहीत होतं, त्यामुळे.

माजघर

चार दिवस आले नाही. प्रतिसाद रोज वाचत होते, मोबाइल पालथा ठेवत होते.

ट्रंकेतली ती गोष्ट आता लिहिते. एक पोस्टकार्ड आहे. आजोबांचे धाकटे भाऊ तेव्हा पुण्यात कॉलेजला होते, नारायण पेठेत खोली घेऊन. आम्ही त्यांना काका आजोबा म्हणायचो. फार प्रेमळ माणूस, आम्हाला पर्वतीवर नेऊन भेळ खिलवायचे. कार्ड त्यांच्या हातचं, शिक्का जानेवारी १९४८चा, तारीख पुसट. बहुतेक गांधीजींचं उपोषण सुटल्यानंतरचं असावं, कारण पाकिस्तानला द्यायच्या पंचावन्न कोटींचा उल्लेख आहे आणि ‘म्हातारा पुन्हा जिंकला’ असं आहे. मधल्या ओळी खानावळीच्या बिलाच्या आणि आजीनं पाठवलेल्या मेतकुटाच्या. शेवटी लिहिलंय, ‘इकडे सर्वांच्या मुखी एकच आहे की याची कोणीतरी व्यवस्था लावली पाहिजे. लावील कोणीतरी.’ मग ‘वहिनींस शिरसाष्टांग’ आणि सही.

‘लावील कोणीतरी’ या शब्दांखाली शाईची रेघ आहे. शाई वेगळी, निळी. काका आजोबांची काळी. म्हणजे रेघ वाचणाऱ्यानं ओढली. आजोबांनी.

कधी ओढली, ते मला कळायला मार्ग नाही. कार्ड आलं त्या दिवशी, की जळितानंतर?

आईला दाखवलं. ती नव्वदीची आहे, त्या वेळी तेरा वर्षांची होती, सगळं आठवतं. बराच वेळ कार्ड नाकाशी धरून बसली. मग जे बोलली ते मी तसंच लिहिते. म्हणाली, ‘काका दिवाळीला आले की हेच चालायचं. पंक्तीत बसून म्हणायचे, ह्या म्हाताऱ्याला कुणी कसं संपवत नाही. वडील खाली मान घालून भात कालवायचे. खादी घातलेली, आणि भात कालवायचे. एकदा आई वाढता वाढता म्हणाली, असं बोलू नये जेवताना. तर वडील तिलाच म्हणाले, तू वाढ.’

मी विचारलं, मग आपल्याकडे पेढे वाटले होते का गं? आई म्हणाली, ‘वेडी का तू! वडील ढसाढसा रडले. दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवायला बसणार होते, त्यासाठीच आमटी टाकली होती.’

म्हणजे ती आमटी ही होती.

काका आजोबांचा कटाशी काडीचाही संबंध नव्हता. पुढे ते पोस्टात लागले, भेळ खिलवत निवृत्त झाले. तेव्हा पुण्यात त्यांच्यासारखं बोलणारी पोरं किती होती कुणास ठाऊक. पण एखाद्या माणसाच्या डोक्यात खून शिजत असताना त्याच्या आजूबाजूला शंभर घरांतून हेच वाक्य येत असेल, तर त्याला आपण एकटे आहोत असं वाटणारच नाही. मी शाळेत निबंधात लिहायचे की अतिरेकी विचार हा वाट चुकलेल्या तरुणांचा असतो. आमच्याकडे तर तो पंक्तीला बसलेला होता, त्याला दुसऱ्यांदा भात वाढला जात होता.

आणि पाणवठा, तुमच्या आजोबांना देवळातल्या बैठकीत पेढ्यांबद्दल विचारायचं सुचलं नाही, ते वाचल्यापासून मला आमची पंक्तच दिसते आहे. आमचे आजोबा म्हणाले, तू वाढ.

घरात कुणी का बोललं नाही, याचं उत्तर मला मिळालं असं वाटतं. आम्हाला वाटायचं भीतीनं. किंवा अपमानानं. आजोबा त्या पावत्या आणि ते कार्ड एकाच ट्रंकेत ठेवून वर कुलूप घालून सत्तावीस वर्षं जगले. खादी मात्र त्यांनी सोडली, हे मला आत्ता आईनं सांगितलं. पुण्याला आल्यावर मिलचं धोतर नेसायला लागले. कारण सांगितलं नाही.

जुनी कात्रणं

माजघर, तुमच्या पोस्टकार्डावरून एक आठवलं, लिहून ठेवतो.

१९६४च्या ऑक्टोबरात नथुरामचा भाऊ गोपाळ गोडसे, करकरे वगैरे जन्मठेप भोगून सुटले. १२ नोव्हेंबरला पुण्यात त्यांच्या सुटकेप्रीत्यर्थ सत्यनारायणाची पूजा आणि सत्कार झाला. सभेत ग. वि. केतकर बोलले. हे टिळकांचे नातू, ‘केसरी’चे माजी संपादक. बोलता बोलता सांगून गेले, की नथुरामच्या मनात काय आहे ते आपल्याला आधी ठाऊक होतं, आणि आपण बाळूकाका कानिटकरांमार्फत ते खेरांना कळवायला सांगितलं होतं. सभेत कुणी चमकलं नाही बहुधा. पेपरात आलं तेव्हा संसदेपर्यंत गदारोळ झाला, आणि त्यातून १९६५ला चौकशी आयोग नेमला गेला. आधी पाठक, नंतर न्या. जीवनलाल कपूर.

म्हणजे सोळा वर्षांनीसुद्धा ‘मला माहीत होतं’ हे वाक्य सत्यनारायणाच्या प्रसादाबरोबर वाटता येत होतं. तुमच्या आजोबांनी निदान रेघ ओढली.

त्याच वेळी दुसऱ्या टोकाला साने गुरुजी होते. खून महाराष्ट्रातल्या माणसानं केला म्हणून त्यांनी एकवीस दिवस उपोषण केलं. लोक तेव्हाही म्हणाले, यांचा काय संबंध?

परिणामांचं विचारलं नव्हतंत, तरी थोडं. ब्राह्मण खेड्यांतून गेले ते फक्त या आगीमुळे, असं सरसकट सांगतात, ते अर्धंच खरं. इंग्रजी शाळा आणि नोकरी यांपायी पुण्यामुंबईची वाट पन्नास वर्षं आधीच धरली होती. १९४८चाच कुळकायदा, पुढे १ एप्रिल १९५७ला कसणारं कूळ मालक झालं, त्यानं उरलेली जमीन गेली, आणि ती जायलाच हवी होती. पण जळितानं एक झालं: गेलेल्यांना परत येणं बंद झालं. यात्रेला, बोडणाला, श्राद्धाला येणं बंद झालं. मग शहरात बसून गावाबद्दल कडवट आणि गावात बसून शहराबद्दल कडवट बोलणाऱ्या दोन पिढ्या तयार झाल्या, ज्यांनी एकमेकांना पाहिलंच नाही. इथल्या निवडणुकीच्या धाग्यांवर जाऊन बघा, तीच नातवंडं भांडतायत. मीही त्यातलाच.

पाणवठा

माजघर ताई, तुमचं वाचून घरात बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, घंगाळ त्यांना देऊन टाका. मी म्हटलं त्यांचं गाव वेगळं. ती म्हणाली, मग जोश्यांच्या कुणाला तरी. जोश्यांचा पत्ता कुणाला माहीत नाही. घराचं जोतं आहे, त्यावर आता ग्रामपंचायतीची पाण्याची टाकी.

माझा मुलगा कऱ्हाडला इंजिनिअरिंगला आहे. परवा जेवताना मोबाइल बघून एका समाजाबद्दल बोलला, की यांना एकदा धडा शिकवला पाहिजे. रोज बोलतो, मी रोज ऐकतो. परवा मी ताट सारलं आणि त्याला म्हटलं, कुणाला, नाव सांग. कुठल्या माणसाला? तो म्हणाला, पप्पा, तुम्ही पण ना. उठून गेला. अजून नीट बोलत नाही. बायको म्हणते, जेवताना कशाला. बघू.

माजघर

भांड्यावर नाव आहे का? पूर्वी ठिपक्या-ठिपक्यांनी ठोकून घालायचे.

पाणवठा

आहे. आत्ता जिन्याखालून काढून चिंच लावून घासलं. पहिलं अक्षर ‘स’ किंवा ‘म’. पुढचं झिजलंय. ‘बाई’ वाचता येतं. खाली शके १८५१.

माजघर

मग आमचं नाही. आमच्या भांड्यांवर आजोबांचंच नाव असायचं, आजीचं कधीच नाही. पण ते मोडीत घालू नका. ज्यांची आजी स किंवा म, शके १८५१च्या सुमारास लग्न होऊन वाळव्यात जोश्यांकडे आलेली, असं कुणी वाचत असेल तर इथेच लिहा. धागा मी बंद करायला सांगत नाही.